माळ्यावरची ठासणीची बंदूक

दिवाळीत मुलांच्या हातात टिकल्यांचे पिस्तूल आले की घरातल्या वडीलधाऱ्यांना दोन कामे हटकून करावी लागतात. एक, कानांत बोटे घालणे. आणि दुसरे, टिकल्या वाजत नाहीत म्हणून रडत आलेल्या चिरंजिवांची समजूत काढणे. टिकल्या न वाजण्याचे कारण बहुधा एकच असते. डबी कुठल्या तरी ओलसर जागी राहिलेली असते, दारू सर्दावलेली असते, आणि घोडा खट्कन पडूनही पुढे काहीच होत नाही. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी मालवणच्या बाजूच्या एखाद्या शेतकऱ्याला हाच अनुभव समोर रानडुक्कर उभे असताना येत असे, आणि त्याची समजूत काढायला तिथे कोणी नसे!

या टिकलीचे आणि त्या शेतकऱ्याच्या बंदुकीचे नाते अगदी जवळचे आहे, हे मला स्वतःला गेल्या मे महिन्यापर्यंत ठाऊक नव्हते. त्याची हकीकत सांगण्यासारखी आहे.

आमचे एक स्नेही डोंबिवलीला राहतात. त्यांना जुन्या वस्तू जमवण्याचा भारी नाद. नाणी झाली, अडकित्ते झाले, पानाचे डबे झाले. दिवाणखान्यात पाहुण्यांना बसायला जागा उरली नाही, तरी यांचे जमवणे चालूच! मालवणपासून थोड्या अंतरावर त्यांचे वडिलोपार्जित घर आहे. पावसाळ्यापूर्वी कौले उतरवून शाकारणी करायची म्हणून ते गावी निघाले आणि मलाही बरोबर घेऊन गेले. घरात त्यांचे काका एकटेच असतात. वय वर्षे शहाऐंशी, ऐकू थोडे कमी येते, पण दृष्टी आणि जीभ दोन्ही शाबूत.

दुसऱ्या दिवशी गडी माळ्यावर चढले आणि गोणपाटात गुंडाळलेली एक लांबलचक वस्तू घेऊन खाली आले. गोणपाट सोडले तो आत बंदूक! जवळजवळ माणसाच्या छातीएवढी उंच, लाकडी दस्ता वाळवीने एका बाजूला खाल्लेला, नळीवर गंजाचे पापुद्रे. बरोबर एका फडक्यात रेड्याचे शिंग, गोळ्या ओतायचा लोखंडी साचा आणि बांबूचे एक बोटभर नळकांडे. स्नेह्यांचा चेहरा असा काही उजळला, की जणू त्यांना शिवकालीन होनच सापडला. दिवाणखान्यात कोणत्या भिंतीवर ही लावायची, खाली कसा दिवा सोडायचा, सगळे त्यांनी उभ्या उभ्या ठरवूनही टाकले. नळीत काय आहे ते पाहावे म्हणून त्यांनी एक डोळा मिटून दुसरा नळीच्या तोंडाशी नेला, तोच ओटीवरून काका ओरडले,

"हात लाव नको रे तिका! पोटात बार आसतलो तिच्या!"

आम्ही हसलो. काका हसले नाहीत. त्यांनी गड्यांना अंगणाबाहेर काढले, बंदूक स्वतः हातात घेतली, तोंड माडाच्या बुंध्याकडे वळवले आणि दस्त्याखालचा गज ओढून काढला. नळीत गज हळूच सोडून जिथे तो थांबला तिथे अंगठ्याने खूण धरली. मग तोच गज नळीच्या बाहेरून लावून दाखवला. बुडापर्यंत जायला हवा होता तो चार बोटे अलीकडेच अडला होता. त्या चार बोटांत काय होते ते सांगायला नकोच.

काकांचे वडील १९७१ साली गेले. म्हणजे पन्नासाहून अधिक वर्षे ती बंदूक भरलेल्या पोटाने माळ्यावर निजली होती. खाली लग्ने झाली, बारशी झाली, मुले लपंडाव खेळताना माळ्यावर चढली असतील. कुणाला पत्ता नाही!

आता कोणी म्हणेल, इतकी वर्षे झाल्यावर ती दारू मेलीच असेल. तसे मुळीच नाही. सोरा, गंधक आणि कोळसा यांची ही जुनी काळी दारू कोरडी राहिली तर शतक लोटले तरी जिवंत राहते. अमेरिकेत व्हर्जिनिया राज्यात २००८ साली तिथल्या यादवी युद्धातील जुने तोफगोळे जमवणारा एक छंदिष्ट गृहस्थ आपल्या अंगणात असाच एक गोळा साफ करीत होता. ते युद्ध १८६५ मध्ये संपले. गोळ्याला हे ठाऊक नव्हते. तो फुटला आणि त्या गृहस्थाचा प्राण गेला. तेव्हा ज्यांच्या गावच्या घरी माळ्यावर, फडताळामागे किंवा देवघराच्या वर अशी एखादी वस्तू असेल त्यांनी तिची नळी डोळ्यांनी तपासू नये, निखाऱ्याजवळ नेऊ नये, आणि "पाहू या वाजते का" हा विचार तर स्वप्नातही आणू नये. जिथे आहे तिथेच ठेवून पोलीस ठाण्याला कळवावे. आम्ही तेच केले. त्याची गोष्ट पुढे येईलच.

संध्याकाळी अंगणात बसलो असता मी काकांना विचारले, "ही भरायचे कसे?" म्हातारबुवांना इतक्या वर्षांत हा प्रश्न कोणी विचारलेलाच नसावा. त्यांची कळी खुलली. बारा-तेरा वर्षांचे असल्यापासून वडिलांची बंदूक भरून देण्याचे काम त्यांच्याकडे असे. शिंगातून दारू थेट नळीत कधी ओतायची नाही. आधी नळकांड्यात घ्यायची, मग नळीत. वर काथ्याचा नाहीतर चिंधीचा बोळा, तो गजाने ठासायचा. मग छर्रे, त्यावर पुन्हा बोळा, पुन्हा ठासणे. म्हणून ती ठासणीची बंदूक. सर्वांत शेवटी, अगदी शेवटी, घोड्याखालच्या पोकळ खुंटीवर तांब्याची इवलीशी टोपी, म्हणजे केप. घोडा केपेवर आपटला की ठिणगी खुंटीतून आत जाते आणि बार निघतो. मुलांच्या पिस्तुलातील टिकली ही या केपेचीच धाकटी बहीण.

आपल्या बोलण्यात ही बंदूक किती खोल जाऊन बसली आहे, हे त्यांच्या तोंडून ऐकताना माझ्या ध्यानात आले. एखादी गोष्ट ठासून सांगतो तो आपण गजानेच ठासत असतो. वक्त्याचा बार फुसका निघतो तो सर्दावलेल्या दारूमुळे. वार्ताहर पुढाऱ्यावर प्रश्नांची सरबत्ती करतात, ती सरबत्ती म्हणजे बंदुकांची एकदम झडलेली फैर. आणि काकांनी तळहातावर तंबाखू मळून गालात बार भरला, तेव्हा तर मला हसूच आले. माणसाने बंदूक टाकली पण बार भरायचे काही सोडले नाही!

हे शब्दसुद्धा समुद्रावाटे आले आहेत. काडतूस आणि पिस्तूल ही पोर्तुगीजांची देणगी. १५१० साली आल्बुकर्कने गोवा घेतले तेव्हा तिथले लोहार बंदुका घडवण्यात इतके तरबेज निघाले की, युरोपात नावाजलेल्या बोहेमियाच्या कारागिरांच्या तोडीचे हे लोक आहेत असे त्याने आपल्या राजाला कळवले. पुढे १५४३ मध्ये पोर्तुगीज जपानच्या तानेगाशिमा बेटावर पोहोचले आणि त्यांच्या बंदुका पाहून जपानी लोहारांनी तशाच बंदुका घडवायला घेतल्या. त्या जपानी बंदुकीचा घाट गोव्याच्या बंदुकीवरून आला असावा असे शस्त्रांचे कित्येक अभ्यासक मानतात. मालवणहून गोवा ते किती दूर! आपल्या शेजारच्या लोहाराची भट्टी जपानपर्यंत पोहोचली, आणि आपल्याला मात्र शाळेच्या इतिहासात याची एक ओळही नाही.

त्या पहिल्या बंदुका तोड्याच्या होत्या. पेटती वात चापासरशी खाली येऊन बाहेरच्या रंजकाला लागायची, रंजक आतल्या दारूला पेटवायचे. पावसात वात विझते, रंजक भिजते. मग चकमकीची बंदूक आली. वात गेली, परंतु रंजक उघडेच राहिले. ही अडचण सोडवली ती कोणा सेनापतीने नव्हे, तर स्कॉटलंडमधील एका पाद्रीबुवांनी! अलेक्झांडर फोर्सिथ हे त्यांचे नाव. त्यांना पाणपक्ष्यांच्या शिकारीचा शौक. होई काय, की रंजकाचा भपका दिसला की छर्रे पोहोचायच्या आत पक्षी बुडी मारी. पाद्रीबुवांनी मग ठोकल्याबरोबर पेटणाऱ्या रसायनाचा उपयोग शोधून काढला आणि १८०७ साली त्याचे पेटंट घेतले. त्यातून पुढे तांब्याची केप निघाली. पक्षी चकवतात म्हणून एका धर्मोपदेशकाने डोके चालवले आणि त्याचे फळ कोकणातल्या शेतकऱ्याला मिळाले. पाऊसकाळातही त्याची बंदूक उडू लागली. अर्थात आतली दारू कोरडी असेल तर.

आणि मालवणच्या किनाऱ्यावर दारू कोरडी ठेवणे म्हणजे काय, हे तिथे एक पावसाळा काढल्याखेरीज कळायचे नाही. चार महिने भिंतींना घाम, मिठाला पाणी, चपलांना बुरशी! रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात गडावरचा दारूखाना कसा असावा याविषयी फार बारकाईने लिहिले आहे. वस्तीच्या घरांपासून तो दूर हवा, सभोवती झाडांचे कुसू हवे, तळघरात गच्च करून वर माच घालून त्यावर दारूची मडकी ठेवावीत. आणि दर आठ-पंधरा दिवसांनी हवालदाराने स्वतः येऊन दारू बाहेर काढावी, ऊन द्यावे, पुन्हा मोहोर करून ठेवावी. अमात्यांचे बावडे म्हणजे आपले गगनबावडे, सिंधुदुर्गाच्या अगदी माथ्यावर. तिथला पाऊस ज्याने पाहिला आहे त्याला ही पंधरा दिवसांची कळकळ तेव्हाच कळेल. काकांनी आज्ञापत्र वाचलेले नाही. पण त्यांचे वडीलही श्रावणातली उघडीप पाहून शिंग रिकामे करीत आणि दारूला ऊन देत. तो दिवस ठरलेला असे. मुलांनी अंगणात फिरकायचे नाही, चूल पेटवायची नाही. दुपारचे जेवण थंड पोह्यांवर. "आमका तो सणच वाटायचो," काका म्हणाले.

आता गंमत पाहा. आपल्याकडे जी घरातली एक कटकट होती, ती अमेरिकेत लाखो लोकांची हौस आहे. तिथे वापरलेल्या काडतुसाची पितळी टोपणे टाकून देत नाहीत. घरच्या गॅरेजमध्ये लहानसे हातयंत्र मांडून तीच पुन्हा भरतात. या कामाची अवजारे बनवणारे कारखाने तिथे उभे राहिले आहेत. लायमन कंपनी १८७८ पासूनची. कॅलिफोर्नियात १९४३ साली निघालेल्या एका कंपनीचे नाव आर. सी. बी. एस.; त्यातील रॉक चक म्हणजे बिळात राहणारा खारीच्या कुळातला एक प्राणी. त्याला टिपण्यासाठी गोळ्या घडवणारे यंत्र, एवढ्यावरून कंपनीचे नाव! ही मंडळी दारू काट्यावर तोलतात, प्रत्येक भरणीची नोंद वहीत ठेवतात, आणि एकाच मापाची दारू पुन:पुन्हा भरली तर गोळी पुन:पुन्हा एकाच ठिकाणी लागते यावर संध्याकाळच्या संध्याकाळ चर्चा करतात. त्यांच्यातील जुनेजाणते नवशिक्यांना पहिला धडा देतात तो सावधपणाचा. एकदा भरलेले टोपण विसरून पुन्हा भरले, किंवा काळ्या दारूसाठी घडवलेल्या जुन्या नळीत नवी बिनधुराची दारू घातली, की नळीच्या चिंधड्या उडतात आणि हातही जातो. बिनधुराची दारू १८८४ मध्ये फ्रान्समध्ये निघाली. तिचा जोर निराळा, आणि त्यापूर्वीच्या नळ्यांना तो सोसत नाही.

हे ऐकून काकांनी मान डोलवली आणि ते बांबूचे नळकांडे माझ्या हातावर ठेवले. "ह्या काय ता ठावक आसा?"

ठाऊक नव्हते. मला ते निरुपयोगी वाटले होते, आणि आमच्या संग्राहक स्नेह्यांनी तर ते गोणपाटाबरोबर टाकूनच दिले होते! ते त्या बंदुकीचे माप होते. त्या एका बंदुकीचे; दुसऱ्या बंदुकीला ते चालणार नाही. काकांच्या आजोबांनी कधी काळी बार काढून काढून, थोडी कमी थोडी जास्त दारू घालून पाहून, ठरवले की या नळीला इतकेच सोसते, आणि मग बांबू त्या मापाला कापला. अमेरिकन छंदिष्टाचा काटा आणि त्याची वही जे काम करते ते सगळे त्या बोटभर बांबूत होते. बंदुकीसारख्या बंदुका पुष्कळ सापडतील. हे माप हरवले असते तर पुन्हा कुठून आणणार होतो?

माझ्या मते जुनी शस्त्रे जमवणाऱ्यांचे इथेच चुकते. त्यांचा डोळा नळीवरच्या नक्षीवर असतो. शिंग, साचा, गज, माप, दारूचे फडके, इतकेच काय पण ती बंदूक कोणी, कुठून, कितीला घेतली आणि तिने काय काय केले याची घरातली आठवण, हे सारे भंगारात किंवा मसणात जाते. मग भिंतीवर राहते ते नुसते लोखंड. पुण्याच्या दिनकर केळकरांनी आपल्या संग्रहात शस्त्रे ठेवली तशीच अडकित्ते, दिवे आणि स्वयंपाकघरातली भांडीही ठेवली. म्हणून राजा केळकर संग्रहालयात गेले की घर पाहिल्यासारखे वाटते. औंधला बाळासाहेब पंतप्रतिनिधींचे संग्रहालय आहे, कोल्हापूरच्या नव्या राजवाड्यात शस्त्रांचे मोठे दालन आहे. तिथल्या तलवारी-बंदुका पाहाव्यात, जरूर पाहाव्यात; परंतु त्या राजेरजवाड्यांच्या. शेतकऱ्याच्या ठासणीला संग्रहालयात कोण विचारतो?

तिला विचारले ते कायद्याने, आणि तेही दोन्ही अंगांनी. लॉर्ड लिटनच्या कारकिर्दीत १८७८ साली हत्यारांचा कायदा आला, त्यात गोऱ्यांना मोकळीक आणि आपल्या लोकांना परवाना. हा भेद लोकांना इतका झोंबला की १९३१ च्या कराची काँग्रेसने मूलभूत हक्कांच्या ठरावात, नियमांना अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्कसुद्धा घातला होता. स्वातंत्र्यानंतर १९५९ चा शस्त्र कायदा झाला. त्यात शेतीच्या राखणीसाठी खरोखरीच हवी असेल तर ठासणीच्या बंदुकीचा परवाना द्यावा असे स्पष्ट कलम आहे. दिल्लीच्या कायद्यात कोकणातल्या माळ्यावरची बंदूक नावानिशी येऊन बसली आहे, हे वाचून मला मौज वाटली.

राखण हा शब्द तिथे पोटाचा आहे. रानडुकरांचा कळप एका रात्रीत भाताची उभी कापणी करून जातो, वानर नारळाची कोवळी फळे पाडतात, गवे काजूच्या बागेत शिरतात. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर शिकार बंद झाली आणि शिमग्यातली गावची पारधही गेली. आता वनखात्याच्या परवानगीवाचून डुकरालाही गोळी घालता येत नाही. बंदूक उरली ती बहुतेक आवाज काढून पिटाळण्यापुरती. त्यातही निवडणूक आली की परवान्याच्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा करण्याचा प्रश्न येतो. कोणाची जमा करायची ते हल्ली छाननी समिती ठरवते. २०२४ साली रत्नागिरी-सिंधुदुर्गात लोकसभेचे मतदान ७ मे रोजी झाले, म्हणजे ऐन आंबा-काजूच्या हंगामात. विधानसभेचे २० नोव्हेंबरला, भात झोडणीच्या दिवसांत. डुकरांना आचारसंहिता लागू नाही, असे तिथले शेतकरी म्हणतात, आणि त्यांचे काही चुकते असे म्हणवत नाही. तथापि भरल्या बंदुका आणि तापलेली डोकी एकत्र आली तर काय होते हेही सरकारला पाहावे लागतेच.

हौसेने बंदुका जमवू पाहणाऱ्याची वाट तर याहून अरुंद. १९८३ च्या दुरुस्तीने एका माणसाकडे तीनच बंदुका असाव्यात असे ठरले. २०१९ च्या अखेरीस त्या दोनवर आल्या, आणि वारशाने आलेल्याही त्यातच धरल्या. दोन बंदुकांचा संग्रह तो काय होणार! नेमबाजीच्या खेळाडूंना सवलत आहे, परंतु तो निराळा विषय. घरी काडतुसे किंवा दारू तयार करण्याचे तर परवान्याखेरीज नावच काढायला नको; तो गुन्हा आहे. बारा बोअरची काडतुसे हवी असतील तर परवान्यावर, मोजून, दुकानातून घ्यायची. ती आपल्या पुण्याजवळच, १८६९ पासून चालत आलेल्या खडकीच्या दारूगोळा कारखान्यात होतात. (बारा बोअर म्हणजे काय, हे पुष्कळ परवानेवाल्यांनाही सांगता येत नाही. एक रतल शिशाच्या बारा सारख्या गोळ्या केल्या तर त्यातली एक ज्या नळीत बरोबर बसेल ती बारा बोअरची.)

मग जमवणाऱ्याने काय करावे? कायद्यात एक खिडकी ठेवली आहे. जे हत्यार जुन्या, कालबाह्य घडणीचे किंवा पुराणवस्तू म्हणून मोलाचे आहे, आणि दुरुस्त करूनही ज्यातून बार काढता येणार नाही, त्याला हा कायदा लागत नाही. म्हणजे शस्त्र आधी मेले पाहिजे, मग ते भिंतीवर लागेल. आणि ते मेले आहे की नाही हे आपण ठरवायचे नाही. आमच्याच बंदुकीने दाखवून दिले की मेल्यासारखी दिसणारी वस्तू मेलेली असतेच असे नाही. ते तज्ज्ञाने तपासायचे आणि अधिकाऱ्यांनी कागदावर लिहून द्यायचे. शिवाय शंभर वर्षांहून जुनी वस्तू १९७२ च्या पुरावस्तू कायद्याखाली येते, आणि ती परदेशी पाठवता येत नाही. अमेरिकेतल्या भाच्याला भेट देऊ पाहणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवलेले बरे.

परवाना माणसाच्या नावाचा असतो, घराच्या नव्हे, ही गोष्टही पुष्कळांना उमजत नाही. परवानेदार वारला की बंदूक विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायची आणि मग वारसाने अर्ज करायचा. धारक सत्तर वर्षांचा झाला किंवा पंचवीस वर्षे त्याने बंदूक बाळगली असेल, तर हयातीतच वारस नेमून त्याच्या नावे परवाना मागता येतो अशी २०१६ च्या नियमांत सोय आहे. काकांच्या घरी यातले काहीच झाले नव्हते. वडील गेले, तेरावे झाले, बंदूक गोणपाटात गेली. परवान्याचा कागद विठोबाच्या तसबिरीमागे सापडला, मुदत संपून अर्धशतक झालेला. कोणी लपवले नव्हते की कोणाला काही वाईट करायचे नव्हते. पण कायद्याच्या दृष्टीने त्या घरात पन्नास वर्षे बेकायदा हत्यार होते.

ठाण्यात जाताना आमच्या स्नेह्यांचे पाय जड झाले होते. मी धीर दिला खरा. माझेही काही फार हलके नव्हते. प्रत्यक्षात अंमलदार समजूतदार निघाले. दोन शिपाई आले, पंचनामा झाला. बंदुकीची जाण असलेला माणूस येईपर्यंत तिला कोणी हलवले नाही. त्याने आधी केपेची खुंटी पाहिली, मग खुंटीतून आणि तोंडातून तेल सोडून दारू भिजवली, एक रात्र तशीच ठेवली, आणि दुसऱ्या दिवशी पीळदार सळईने बोळा बाहेर ओढला. काळाकुट्ट काथ्या, मूठभर छर्रे, आणि शेवटी दारूचे ढेकूळ. त्या ढेकळाचा बाहेरचा भाग तेलाने चिकट झाला होता. आतला चमचाभर अजून खडखडीत कोरडा! आज्ञापत्रातल्या हवालदारालाही इतकी दारू राखता आली असती की नाही कोण जाणे.

नळी आतून खाऱ्या हवेने पार खाल्ली होती. काळी दारू जळली की तिची राख ओल ओढून घेते, आणि वरून समुद्राचे मीठ. काकांच्या वडिलांनी बाहेरून खोबरेल चोळले होते. तेही वर्षानुवर्षांत चिकट होऊन त्यात धूळ बसली होती. आतला गंज पाहून तो माणूस म्हणाला की कोणी ती उडवायचा प्रयत्न केला असता, तर गोळी पुढे जाण्याआधी नळी मागे आली असती.

बंदूक ठाण्यात जमा झाली. साचाही त्यांनी यादीत घेतला, कारण गोळी ओतायचे साधन ते. ओरोसला जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे अर्ज गेला आहे. तपासणीत ती कायमची निकामी ठरली तर घरी येईल, नाही ठरली तर सरकारजमा होईल. स्नेही त्यावर नाराज आहेत. डोंबिवलीच्या भिंतीवर त्यांनी खिळासुद्धा मारून ठेवला होता.

रिकामे शिंग आणि नळकांडे मात्र परत मिळाले. निघायच्या आदल्या रात्री मी काकांना म्हटले, "काका, तुम्ही सांगितलेले सारे मी लिहून घेतले आहे, पण माप लिहायचे राहिले." विजेचा दिवा गेला होता. कंदिलाच्या उजेडात काकांनी आतून वाटीभर तांदूळ आणवले, थरथरत्या हाताने शिंगात भरले, शिंगातून नळकांड्यात ओतले आणि वरचा उंचवटा अंगठ्याने अलगद निपटून टाकला. मग ते नळकांडे पुतण्याच्या तळहातावर उपडे केले.

"एवढोच," ते म्हणाले. "एक दाणो पण जास्त नाय."